गाडीवरचे रामेन आरक्षणापर्यंत कसे पोचले

पूर्वी जपानमध्ये रामेनच, म्हणजे गरम रश्श्यातल्या नूडल्सच, गिऱ्हाइकाला शोधत यायचे. रात्री गल्लीत चारुमेरा नावाच्या पिपाणीचे ओळखीचे सूर ऐकू आले, की गाडीवाला आला हे घरात बसून कळायचे. (पिपाणीचे नाव पोर्तुगीजांकडून आलेले, नूडल्स चिन्यांकडून.) आज त्याच पदार्थासाठी काही ठिकाणी आधी आरक्षण करावे लागते, पैसे आगाऊ भरावे लागतात आणि आठ-दहा खुर्च्यांच्या खोलीत आचारी देईल ते, देईल त्या क्रमाने खावे लागते.

१९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे दुकान निघाले. मालक जपानी, आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. तेव्हा या पदार्थाला 'शिना सोबा', म्हणजे चिनी नूडल्स, म्हणत. खाणारे कामगार, कारकून, विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची चणचण होती आणि अमेरिकेतून गहू येत होता. काळ्या बाजारातल्या गाड्यांवर नूडल्सने लोकांची पोटे भरली. १९५८ मध्ये मोमोफुकू आन्दो यांनी पाकिटातले झटपट रामेन बाजारात आणले आणि स्वस्त खाणे हा शिक्का पक्का बसला. जपानी दुकानदार आजही 'हजार येनची भिंत' म्हणतात: त्यापुढे वाडग्याची किंमत गेली, की गिऱ्हाईक नाक मुरडते. रस्सा रात्रभर उकळलेला असला तरी.

भिंतीला पहिले धक्के जपानमध्येच बसले. मिनोरू सानो यांनी १९८६ मध्ये फुजिसावात दुकान काढले. पीठ, कोंबडी, मीठ, सगळे निवडून आणायचे आणि दुकानात बोलायचे नाही, अत्तर लावून यायचे नाही, असा दंडक. त्यांना 'रामेनचा राक्षस' म्हणत. मला हा कडकपणा थोडा नाटकी वाटतो, पण वाडग्याकडे नीट लक्ष द्या, हे सांगणे तिथून सुरू झाले. डिसेंबर २०१५ मध्ये तोक्योच्या सुगामो भागातल्या 'त्सुता'ला मिशेलिन या उपाहारगृहे जोखणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला मिळालेला तो पहिलाच. खुर्च्या नऊ. रांग इतकी वाढली, की सकाळी हजार येन अनामत ठेवून वेळेची चिठ्ठी घ्यावी लागे. ती चिठ्ठी म्हणजे आरक्षणच, फक्त पहाटे उठून करायचे.

आगाऊ आरक्षण आणि ठरलेला मेनू हा उरलेला साचा अमेरिकेतून आला. आचारी डेव्हिड चँग यांनी न्यूयॉर्कमध्ये २००४ साली नूडल बार काढला आणि २००८ मध्ये त्याच जुन्या जागेत 'को' हे उपाहारगृह सुरू केले: बारा खुर्च्या, ठरलेला मेनू, आरक्षण फक्त ऑनलाइन. शिकागोच्या 'नेक्स्ट' या उपाहारगृहाने २०११ मध्ये जेवणाची तिकिटे नाटकासारखी आगाऊ विकली. आचाऱ्यावर सोपवून खाण्याची, म्हणजे 'ओमाकासे'ची, पद्धत सुशीच्या दुकानांत होतीच.

रामेनला मात्र हा साचा सहज बसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. नूडल्सच्या पिठात 'कानसुई' हे क्षारयुक्त पाणी घालतात. त्याने पिवळसर रंग आणि लवचिकपणा येतो. पण गरम रश्श्यात पडल्यावर त्या काही मिनिटांत सैल पडतात. म्हणून भुरके मारत झटपट खायचे. शिवाय एक वाडगा म्हणजे पूर्ण जेवण. मीठ भरपूर, चरबी भरपूर. असे पाच वाडगे ओळीने कोण खाणार? म्हणून आधी लहान लहान पदार्थ येतात, एखादी रश्श्याविना नूडल्सची वाटी येते आणि मुख्य रामेन बहुधा शेवटी. ही युक्ती नवी वाटली तरी मुळात गाडीवरचीच आहे. रात्री पिऊन घरी निघालेले लोक शेवटी रामेन खात. त्याला 'शिमे' म्हणतात, म्हणजे समारोप.

खोली लहान ठेवण्याचे कारण केवळ मिजास नाही. एका वेळी नूडल्सच्या किती जाळ्या उकळत्या पाण्यात सोडता येतात, यावर खुर्च्या ठरतात. आठही जणांपुढचे आधीचे ताट रिकामे झालेले दिसले, की आचारी जाळ्या सोडतो. साहजिकच अशा ठिकाणी उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही, आणि भरलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत.