पांढरी रेघ आणि जांभळं मलम

गेल्या डिसेंबरात भाची बीजिंगहून सुट्टीला आली, तेव्हा तिच्या पोटऱ्या इतक्या उलल्या होत्या की नखाने ओढलेली रेघ खडूसारखी पांढरी उमटत होती. तिने बॅगेतून एक डबी काढली. आत गडद जांभळं मलम, त्याला तिळाच्या तेलाचा वास. "मामा, तिथल्या वैद्यबाई म्हणाल्या, माझी फुप्फुसं कोरडी पडलीत."

चिनी वैद्यकात त्वचा आणि अंगावरची लव फुप्फुसांच्या ताब्यात असते. म्हणून हवा कोरडी व्हायला लागली की तिकडे नासपती आणि पांढऱ्या अळिंबीचं गोड सूप करतात. सूप जरूर प्यावं, पण भाचीच्या पोटरीतलं पाणी पळवलं ते खोलीतल्या हवेने. बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं नळांतल्या गरम पाण्याने तापवतात. बाहेर उणे ५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत जेमतेम १.७ ग्रॅम वाफ असते. तीच हवा घरात २२ अंशांपर्यंत तापली की १९ ग्रॅमहून जास्त वाफ मावू शकते. वाफ मात्र तेवढीच, म्हणजे आर्द्रता उरली ९ टक्के! शिकागोतल्या मराठी घरात जानेवारीत ओठ फुटतात तेही याच हिशेबाने.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. त्वचेच्या सर्वांत बाहेर मृत, चपट्या पेशींचे १५-२० थर असतात. सगळे मिळूनही वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. पेशी वर सरकत येते तसे हे टाके उसवावे लागतात, आणि ते काम कॅलिक्रेइन नावाची विकरं (एन्झाइम) करतात. या कात्रीला चालायला पाणी लागतं. वरचा थर सुकला की कात्री अडते, टाके तसेच राहतात आणि पेशी सुट्या न होता गठ्ठ्यांनी सोलून येतात. एरवीही रोज पेशी गळतच असतात, पण एकेकट्या, म्हणून दिसत नाहीत. पापुद्रे निघतात ते त्वचा जास्त गळते म्हणून नव्हे, तिला नीट गळता येत नाही म्हणून. अशा वेळी घासणीने अंग खरवडू नका, टाके उसवण्याऐवजी कापडच फाटतं.

पेशीत पाणी धरून ठेवतात ती फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार झालेली अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून बनलेलं पायरोलिडोन कार्बोक्झिलिक आम्ल. हे तुकडे करणारी विकरंही ओलावा बघूनच चालतात: फार ओलं झालं तरी थांबतात, फार कोरडं झालं तरी थांबतात. कढत पाणी आणि भरपूर साबण यांनी हा साठा धुऊन जातो.

आणि ती पांढरी रेघ? नखाने पापुद्रे उचकटतात, खाली हवा शिरते, प्रकाश विखुरतो. मलम लावताच रेघ नाहीशी होते, कारण फटींत हवेच्या जागी तेल भरतं. पाणी तेव्हा अजून आलेलंच नसतं. ते पुढच्या काही तासांत येतं: आतून वर झिरपणारं पाणी तेल-मेणाच्या थराखाली अडून राहतं आणि कात्री पुन्हा चालू लागते.

हे जांभळं मलम मूळचं चीनमधल्या मिंग राजवटीच्या काळातल्या चेन शिगोंग या शल्यवैद्याच्या १६१७ सालच्या ग्रंथातलं. तिळाच्या तेलात दोन मुळ्या करपेपर्यंत तळायच्या, तेल गाळायचं, त्यात मेण वितळवायचं. पुढे जपानमध्ये हानाओका सेइशू याने त्यात डुकराची चरबी घातली. १८०४ साली रुग्णाला संपूर्ण भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारा तोच हा. जांभळा रंग येतो त्यातल्या एका मुळीतल्या शिकोनिन या रंगद्रव्यामुळे. आपल्या रतनजोतीतलं अल्कानिन म्हणजे याच रेणूची आरशातली प्रतिमा. प्रयोगशाळेत शिकोनिन दाह कमी करताना दिसतं, पण कोरड्या पोटरीपुरतं बोलायचं तर मुख्य श्रेय तेल आणि मेणाचंच आहे.

‘हर्बल आहे, अपाय नाही’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. १९९९ साली ब्रिटनमध्ये ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं, आणि ती लहान मुलांच्या तोंडालाही लावली जात होती. एखाद्या मलमाने दोन दिवसांत जादू केली, तर आधी लेबल वाचा. लेबल नसेल तर लावू नका.

भाचीच्या डबीवर घटक नीट छापलेले होते, म्हणून ती ठेवून घेतली. पण परत जाताना मी तिला भिरंडेलाचा गोळा दिला. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं घट्ट होतं, तळहातावर चोळलं की पाघळतं. कोकणात टाचा फुटल्या की तेच चोळतात. अंघोळ कोमट पाण्याने कर, अंग नुसतं टिपून घे आणि ओलसर असतानाच लाव, एवढंच तिला बजावलं.