काळ्या मातीत पाणी शिरतं का? विदर्भातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने मागच्या उन्हाळ्यात माझ्यासमोर पाण्याने भरलेले काचेचे दोन ग्लास मांडले. एकात गोठ्यालगतच्या, वर्षानुवर्षं शेणखत पडलेल्या तुकड्यातलं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं. बुडबुडे निघाले, कडा जरा झडल्या, पण पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं. दुसऱ्यात नदीकडच्या वावरातलं ढेकूळ. ते आधी फुगलं, मग त्याच्याभोवती मळकट ढग पसरला. संध्याकाळी पाहिलं तरी पाणी गढूळच. "आमच्या शेततळ्यातलं पाणी बी असंच राह्यते, दिवाळीलोक," तो म्हणाला.

खताच्या गोण्या आणि अनुदानाच्या चर्चेत हा गढूळपणा कुठे येत नाही. पण विदर्भाच्या मातीवर आजवर जे काम झालं ते चाळलं की पुन्हा पुन्हा तिथंच येऊन थांबावं लागतं. पडलेलं पाणी मातीत शिरतं का, आणि शिरलं तर पुढे कुठं जातं?

सुरुवातीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इंग्रजांना माती मोजायची होती ती शेतसाऱ्यासाठी. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मातीची प्रत आण्यांत ठरली, सोळा आणे म्हणजे सगळ्यात चांगली. नागपूर-वर्ध्याकडच्या बंदोबस्तात गावकऱ्यांच्याच तोंडची नावं कागदावर चढली: काळी, कन्हार, मोरंड, खरडी, बरडी. जमीन सपाट आहे, उतारावर आहे की नाल्यांनी कापलेली आहे, तेही बघत. हेतू वसुलीचा, पण निरीक्षण पक्कं होतं. एकाच गावात भारी काळी कन्हार आणि हलकी मुरमाड बरडी यांचं पाण्याशी वागणं वेगळं, हे त्या नोंदींत आहे. आपण मात्र नंतर अख्ख्या जिल्ह्याला एकच खतमात्रा सांगत बसलो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेलं, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस तेव्हापासून इथला धनी झाला. तरी जुन्या पद्धतीत एक समतोल होता. यंदा पऱ्हाटी तर पुढच्या साली ज्वारी, मधूनमधून तुरीचे तास, नांगर क्वचित आणि वखर नेहमी. ज्वारीचा कडबा बैलांना, बैलांचं शेण वावराला.

संशोधनाची घडी त्यामानाने उशिरा बसली. नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ चं, पण अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला, त्याचं एक केंद्र अकोल्याला आलं. १९७६ मध्ये मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला आल्या. हा तपशील भराभर सांगून टाकतो, कारण खरी गोष्ट शेतात घडली.

अकोल्याला १९८८ पासून ज्वारी-गहू या फेरपालटीवर एक प्रयोग चालू आहे. तेच तुकडे, आणि दरवर्षी प्रत्येक तुकड्याला तेच खत. कुठे काहीच नाही, कुठे नुसतं नत्र, कुठे नत्र-स्फुरद-पालाश तिन्ही, कुठे तिन्हींच्या जोडीला शेणखत. अशा प्रयोगाचं फळ दोन-तीन वर्षांत हाती लागत नाही, म्हणून तो चालवायला चिकाटी लागते. निष्कर्ष सरळ आहे. नुसत्या नत्रावर जमीन खंगत जाते, गंधक आणि जस्ताची उणीव डोकं वर काढते, आणि रासायनिक खताबरोबर शेणखत पडलेल्या तुकड्यात उत्पादन टिकतं, सेंद्रिय कर्बही वाढतो. सेंद्रिय कर्ब वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाण्याला वाट मिळते. पहिल्या ग्लासातलं ढेकूळ टिकलं ते यामुळेच.

पण शेणखत आणायचं कुठून? १९८० नंतर सोयाबीन आलं तसतशी ज्वारी गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि मग गोठे रिकामे झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात जास्त खत करायची रीत बसवली, ती त्यांच्याच आद्याक्षरांनी 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. जाळीदार विटांचं टाकं, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. विटांतल्या फटींतून हवा खेळते म्हणून ढीग सडत नाही, कुजतो. फरक छोटा वाटतो, पण सगळं त्यावरच आहे. पुढे टाक्याला अनुदान मिळालं आणि टाकी गावोगाव झाली. मी पाहिलेल्या निम्म्यांत तरी गोवऱ्या रचलेल्या होत्या.

माती धरून ठेवायची ती आणखी एका कारणासाठी: ती वाहून जाते. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या मानोली पाणलोटात काम झालं. मातीच्या उंच बांधांऐवजी समपातळी रेषेवर खस (वाळा) गवताच्या ओळी लावायच्या, आणि त्या रेषेला धरूनच पेरायचं. खस पाणी अडवत नाही, त्याला चालायला लावतं. गाळ मागे राहतो. विद्यापीठाच्या डॉ. जी. एम. भराड आणि सहकाऱ्यांनी अशा गवती आणि सुबाभळीच्या कुंपणांखाली अपधाव (वावरातून वाहून जाणारं पाणी) आणि मातीची धूप मोजली. दोन्ही घटल्या.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? कुणीही पटवाऱ्याचा नकाशा उघडून पाहावा. भावाभावांत वाटण्या होताना वावराच्या लांब पट्ट्या पडतात, बहुधा वरून खाली, कारण प्रत्येकाला थोडी बरड आणि थोडी कन्हार हवी असते. पट्टी उताराला, म्हणून तिफणही उताराला. आडवं पेरायचं म्हटलं तर दर पन्नास पावलांवर बैल वळवा. समपातळी रेषेला धुरा, म्हणजे वावराचा बांध, दिसत नाही, ती सरळ शेजाऱ्याच्या वावरात घुसते, आणि धुऱ्याच्या भांडणात आपल्याकडे डोकी फुटली आहेत. प्रयोगक्षेत्रावर धुरे नसतात. शिफारस न पाळणाऱ्याला आडमुठा म्हणण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे या गोष्टीतलं सगळ्यात अवघड प्रकरण. अमरावती, अकोला आणि बुलढाण्याचा हा सलग प्रदेश. इथे विहिरीचं पाणी खारट, ते पिकाला दिलं की जमीन चोपण होते, म्हणजे सोडियम वाढून घट्ट आणि बिननिचऱ्याची, म्हणून शेती आभाळावर. बरीच वर्षं समज असा होता की दोष सगळा पाण्याचा. १९९६ मध्ये बालपांडे, देशपांडे आणि डी. के. पाल यांच्या अभ्यासाने चित्र बदललं. कोरड्या हवामानात मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, त्यामुळे चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, कण सुटे होतात आणि खालच्या थरातली छिद्रं बुजतात. म्हणजे विहिरीचं पाणी न देताही जमीन आतून मिटत जाते. दुसऱ्या ग्लासातला मळकट ढग तो अशाच सुट्या कणांचा. आणखी महत्त्वाची बाब मोजपट्टीची. १९५४ च्या अमेरिकन पुस्तिकेप्रमाणे सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण. इथल्या काळ्या मातीत ५ टक्क्यांनाच निचरा कोलमडताना दिसला. पुढे २००३ मध्ये नागपूर, अमरावती, अकोल्याच्या कापूस जमिनींवरचा अभ्यास आला. ओल्या मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं यावरून कापसाच्या उत्पादनाचा अंदाज सगळ्यात चांगला येतो, असं त्यात निघालं.

उपाय जिप्समचा, ढेंचा हे हिरवळीचं पीक गाडण्याचा, आणि पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरण्याचा. जी माती पाणी झिरपू देत नाही तिच्यात तळं मात्र बिनप्लास्टिकचं टिकतं! पुढे राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली गेली. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीचा आग्रह सुरू आहे, तो मूळचा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, आणि पावसाने दडी मारली तर वरंब्यात ओल राहते.

राहिली विहीर. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ आहेत. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका. गोठ्यांची आणि शोषखड्ड्यांची भर त्यात आहेच, पण २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या किमती मोकळ्या झाल्या आणि युरियाची तेवढी बांधलेली राहिली, तेव्हापासून हात युरियाकडेच जातो. पिकाने न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या मातीत पहिल्या पावसाला खाली जायला मोकळी वाटच असते.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली. कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना. त्या १० हेक्टरांत कन्हारही असते आणि बरडीही. पत्रिकेत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्यं, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. सोडियमचा वाटा त्यात नाही, निचऱ्याचा वेगही नाही. दर्यापूरच्या त्या शेतकऱ्याकडे दोन पत्रिका होत्या, गोठ्यालगतच्या तुकड्याची आणि नदीकडच्या वावराची. दोन्हींवर युरियाच्या गोण्या तेवढ्याच लिहिल्या होत्या. नदीकडच्या अर्ध्या वावरात यंदा ढेंचा पेरतो म्हणाला, बियाणं मिळालं तर.