वेतनवाढ करार (नाशिक)

पगारवाढ, भत्ते, रजा, उत्पादनाचे प्रमाण वगैरे बाबींवर कामगार संघटना व व्यवस्थापन यांच्यात ठरावीक मुदतीसाठी होणारा लेखी समझोता. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत ही मुदत बहुधा तीन-चार वर्षांची असते. ती संपत आली की संघटना मागणीपत्र देते, बैठका रंगतात, आणि सह्या झाल्या की गेटवर गुलाल उधळून पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात वाढीचा आकडा छापून येतो.

हा आकडा जरा जपूनच वाचावा. समजा १२ हजारांची वाढ ठरली आणि ती तीन वर्षांत ६०, २०, २० टक्के अशी विभागली, तर पहिल्या वर्षी महिन्याला ७,२०० रुपयेच वाढतात. शिवाय रक्कम कुठे बसवली हेही पाहावे लागते. मूळ वेतन व महागाई भत्त्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मोजतात. ग्रॅच्युइटीत सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळते व महिना २६ दिवसांचा धरतात. त्यामुळे मूळ वेतनात ६,००० रुपये पडले, तर २० वर्षे सेवा झालेल्याची ग्रॅच्युइटी सुमारे ६९ हजारांनी वाढते. घरभाडे भत्त्यात पडले तर एरवी काहीच नाही. म्हणून मुरलेले कमिटी मेंबर 'बेसिकला किती?' यावर अडून बसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले (घरभाड्यासारखे) भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ही ओढाताण त्यामुळे थोडी सैल व्हावी.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आपसातला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता, तर समेट अधिकाऱ्यासमोर (वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे) झालेला करार नंतर भरती होणाऱ्यांसह सर्व कामगारांना बंधनकारक असे. मुदत संपली म्हणून तो आपोआप सुटत नसे. लेखी नोटीस देऊन दोन महिने जावे लागत. ही नोटीस वेळेत देणे हे संघटनेच्या जागरूकतेचे लक्षण मानले जाई.

त्याच शेडमध्ये काम करणारे कंत्राटी कामगार बहुधा या कराराबाहेर राहतात. त्यांची वाढ म्हणजे शासनाच्या किमान वेतनातला, दर सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकानुसार ठरणारा विशेष भत्ता. सिन्नरच्या विडी कामगार बायकांना तर मजुरी हजार विड्यांमागे मिळते.