परसौर ग्रहांच्या विमध्य कक्षा

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या अनेक ग्रहांच्या, विशेषतः ताऱ्यापासून काहीसे दूर असणाऱ्या महाकाय ग्रहांच्या, कक्षा लांबट विवृत्ताकार आहेत. लांबटपणाचे माप म्हणजे विमध्यता (उत्केंद्रता असेही म्हणतात). वर्तुळाची विमध्यता ०. ती १ च्या जितकी जवळ, तितकी कक्षा निमुळती. पृथ्वीची ०.०१७, गुरूची ०.०४८ आणि सूर्यमालेतील ग्रहांत सर्वाधिक म्हणजे बुधाची सु. ०.२१ आहे.

ग्रह ज्या वायू-धूलीच्या चकतीत घडतात ती त्यांच्या कक्षा वर्तुळाकार राखते, अशी धारणा असल्याने १९९६ मध्ये १६ हंस ब या ताऱ्याभोवती सापडलेला सु. ०.६८ विमध्यतेचा ग्रह कोड्यात टाकणारा ठरला. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ रासिओ व फोर्ड यांनी, तसेच स्वतंत्रपणे वायडेनशिलिंग व मार्झारी यांनी असे सुचविले की, दाटीने असलेले महाकाय ग्रह एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने विचलित होतात. एखादा मालेबाहेर फेकला जातो आणि उरलेल्याची कक्षा ताणली जाते.

दुसरे स्पष्टीकरण सहचर ताऱ्याचे. त्याची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी सु. ३९° हून अधिक कललेली असेल, तर दीर्घकाळात कल व विमध्यता यांची आळीपाळीने देवघेव होते. एक घटते तेव्हा दुसरी वाढते. या परिणामाला लिदॉव्ह (कृत्रिम उपग्रहांसंबंधी, १९६१) व कोझाई (लघुग्रहांसंबंधी, १९६२) यांची नावे आहेत. तथापि फोन झाइपेल यांचे १९१० मधील काम त्याआधीचे असल्याने अलीकडे त्यांचे नाव अग्रक्रमाने जोडतात आणि ते रास्तच दिसते. १६ हंस ब याला सहचर तारा असल्याने १९९७ मध्ये हेच कारण तेथे लावण्यात आले. सप्तर्षीतील एचडी ८०६०६ या ताऱ्याभोवतीचा ग्रह (शोध २००१, विमध्यता सु. ०.९३, आवर्तकाल म्हणजे एका प्रदक्षिणेचा काळ सु. १११ दिवस) हे त्याचे अधिक पटणारे उदाहरण होय. हा ग्रह ताऱ्यापासून सु. ०.०३ ते ०.८८ ज्योतिषशास्त्रीय एकक (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे १ एकक) अंतरांत ये-जा करतो. एकाकी ताऱ्यांच्या ग्रहांना मात्र हे कारण सहसा लागू पडत नाही. सर्वसाधारण स्पष्टीकरण म्हणून पहिलेच अधिक ग्राह्य वाटते. चकतीच्या ओढीनेही विमध्यता वाढू शकते, पण बहुधा थोडीच.

ताऱ्याला अगदी लगटून फिरणाऱ्या ग्रहांच्या कक्षा भरती-ओहोटीच्या प्रेरणांमुळे पुन्हा वर्तुळाकार होतात. केपलर दुर्बिणीने शोधलेल्या दाट बहुग्रही मालांतील विमध्यताही अल्प आढळते. ताऱ्याच्या त्रिज्यीय वेगावरून (आपल्याकडे येण्याच्या वा आपल्यापासून दूर जाण्याच्या वेगावरून) काढलेल्या मध्यम विमध्यता सावधपणे घ्याव्यात : वर्तुळाकार कक्षांतील, २:१ आवर्तकालांचे दोन ग्रह क्वचित एकाच विमध्य ग्रहासारखे भासतात.