सिंगापूरच्या तोफा खरंच समुद्राकडेच अडकल्या होत्या का?

‘ब्रिटिशांच्या तोफा फक्त समुद्राकडे वळत होत्या, जपानी मागच्या दाराने आले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं’ हा किस्सा क्विझपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरतो. ऐकायला झकास, पण चूक.

१५ इंची (नळीचा व्यास) तोफा एकूण पाच. त्यातल्या बुओना व्हिस्टा या ठाण्यावरच्या दोन मर्यादित कोनातच फिरत, त्यामुळे किश्शात तेवढंच तथ्य. चांगीजवळच्या जोहोर बॅटरीच्या (बॅटरी म्हणजे तोफांचं ठाणं) तोफांनी मात्र उत्तरेकडे, म्हणजे जमिनीकडे, प्रत्यक्ष मारा केला. कॉनॉट बॅटरीच्या ९.२ इंची तोफांनीही केला.

खरी अडचण गोळ्यांची. साठा मुख्यतः चिलखतभेदी गोळ्यांचा होता. युद्धनौकेचं जाड पोलाद फोडून आत फुटायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी कवच जाड आणि स्फोटक वजनाच्या जेमतेम अडीच-तीन टक्के. असा सुमारे ८८० किलोचा गोळा मऊ मातीत पडला, की खोल घुसून मग फुटतो. पसरलेल्या पायदळावर कवचाच्या तुकड्यांचा मारा होतच नाही. त्यासाठी लागणारे उच्चस्फोटक गोळे १५ इंची तोफांकडे नव्हतेच, ९.२ इंचींकडे तोफेमागे साधारण ३०. शिवाय गोळा कुठे पडला हे सांगणारी निरीक्षणाची सोय जमिनीच्या बाजूला तुटपुंजी; समोर खारफुटी आणि रबराचे मळे, आकाशात जपानी विमानं.

गोळे भरपूर असते तरी निकाल बदलला असता असं वाटत नाही. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सेनापती यामाशिताचं सैन्य वायव्य किनाऱ्यावर उतरलं, तर ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलने ताज्या तुकड्या ईशान्येला ठेवल्या होत्या. रणगाडे पर्सिव्हलकडे जवळजवळ नव्हतेच.