जिराफाचं हॉटेल की सिंबाचं? ऑरलँडोतली दोन ‘आफ्रिका’ आणि त्यांतला खरा फरक

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरवताना एक घोळ अगदी सहज होतो. कुणीतरी सांगतं, ‘ते आफ्रिकेवालं हॉटेल घ्या, पोरं खूश होतील आणि आई-बाबांनाही आवडेल.’ पण तिथे आफ्रिकेवाली हॉटेलं दोन आहेत. एकाचं नाव ‘डिस्नेज ॲनिमल किंगडम लॉज’. दुसरं ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’, आणि त्यातला एक पूर्ण विभाग ‘द लायन किंग’ या १९९४च्या चित्रपटावर बेतलेला आहे. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच आवारातली, आणि दोन्हीकडे ‘सव्हाना’ (आफ्रिकेतलं गवताळ कुरण) हा शब्द कानावर पडणारच. खिडकीतून जिराफ दिसेल म्हणून लोक सिंबाच्या, म्हणजे त्या चित्रपटातल्या सिंहाच्या, विभागात खोली घेतात, आणि सिंबा भेटेल म्हणून लॉजमध्ये. मग पहिल्याच संध्याकाळी पोरं हिरमुसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. ज्या लॉजमध्ये खरे प्राणी आहेत, तिथे सिंह नाही. तिथल्या कुरणांवर जिराफ, झेब्रे, कुडू हरणं, भल्यामोठ्या शिंगांची अंकोले गुरं, रोहित पक्षी असे गवत-पाल्यावर नाहीतर पाणथळीवर जगणारे जीव आहेत. त्यांच्यात शिकारी प्राणी सोडता येत नाहीत. सिंह हवा असेल तर डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम या थीम पार्कातल्या सफारीला जावं लागतं. उलट आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये सिंबा आहे, पण तो पुतळ्याच्या रूपात.

आता लॉजबद्दल. ते २००१च्या एप्रिलमध्ये उघडलं. वास्तुकार पीटर डॉमिनिक, ज्यांनी त्याच आवारातलं वाइल्डरनेस लॉजही घडवलं. इमारतीची आखणी घोड्याच्या नालेसारखी आहे. आफ्रिकेतल्या क्रालची, म्हणजे मधोमध गुरांचं आवार आणि भोवती वस्ती असलेल्या गावाची, ती कल्पना. इथे गुरांच्या आवाराच्या जागी कुरण आहे आणि झोपड्यांच्या जागी खोल्या. त्यामुळे बऱ्याच खोल्यांच्या बाल्कनीसमोर थेट गवत, झाडं आणि चरणारी जनावरं येतात. कुंपण आहेच, पण ते झाडीत आणि उतारात असं दडवलंय की नजरेला कुठे अडत नाही. दोनशेहून जास्त प्राणी-पक्षी, तिसावर जाती. आत शिरल्यावर उंचच उंच शाकारलेलं छप्पर, ढालींच्या आकाराची झुंबरं, आणि नायजेरियातल्या इग्बो लोकांचा इजेले हा प्रचंड मुखवटा. वर्षानुवर्षं इथे आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं काम करत आली आहेत. त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर भिंतीवरच्या वस्तू नुसती सजावट राहत नाहीत.

आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन २०१२मध्ये टप्प्याटप्प्याने उघडलं. शेजारच्या पॉप सेंच्युरी हॉटेलचा दुसरा भाग २००१नंतर अर्धवट पडून राहिला होता, त्याच जागेवर हे उभं राहिलं. चार चित्रपट, चार विभाग: निमो, कार्स, लायन किंग आणि लिटल मर्मेड. एकूण १,९८४ खोल्या. त्यांतल्या १,१२० फॅमिली स्वीट आहेत, म्हणजे सहा जणांची सोय, दोन बाथरूम, छोटं किचन आणि दुमडून पलंग होणारं जेवणाचं टेबल. डिस्नेच्या वर्गवारीत हे ‘व्हॅल्यू’ म्हणजे स्वस्त गटातलं, आणि लॉज ‘डीलक्स’ म्हणजे सगळ्यात महागड्या गटातलं.

इथवर वाचून बहुतेकांचं मन ठरलेलं असतं: कार्टूनवालं मुलांसाठी, लाकूड-गवतावालं मोठ्यांसाठी. पण माझं भांडण या वाटणीशीच आहे, कारण तिच्यामुळेच लोक चुकीची खोली घेतात.

कार्टूनच्या हॉटेलात प्रत्येक वस्तू तुमच्याकडे तोंड करून उभी आहे. पुतळे अवाढव्य आहेत. त्यांच्यापुढे चाळिशीतला बापही मुलाएवढाच लहान दिसतो. लायन किंगच्या विभागात हत्तींच्या स्मशानातले सांगाडे आहेत, त्यांवर पोरं चढतात, फासळ्यांतून घुसतात, ओरडतात. कुणी ‘हळू’ म्हणत नाही, कारण ते सांगाडे त्यासाठीच केलेत. निमोच्या विभागातला बिग ब्लू पूल, म्हणजे पोहायचा तलाव, डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांतला सगळ्यात मोठा आहे, आणि पाण्याखाली स्पीकर बसवलेत, डोकं बुडवलं की आवाज ऐकू येतो. सात वर्षांची मुलगी पाण्याखाली जाऊन वर येते, डोळे विस्फारून आईला सांगते, पुन्हा बुडी मारते. तिने काही केलं की जागा लगेच उत्तर देते. ही मजा आहे, आणि तिला वाट पाहायला लावून चालत नाही.

लॉजमध्ये नेमकं उलट. उजाडताना बाल्कनीचं दार सरकवलं की समोर काहीच नसतं. थोडं धुकं, ओलं गवत, दूरवर कुठल्यातरी पक्ष्याचा आवाज. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एका झाडाच्या आडून जिराफाची मान हलते, आणि लक्षात येतं की तो मघापासून तिथेच होता, आपल्याला दिसला नव्हता. तो पाला ओरबाडतो, तोंड फिरवतो, निघून जातो. तुम्ही तिथे आहात की नाही याने त्याला फरक पडत नाही. मोठी माणसं नेमकी यातच रमतात. दिवसभर पार्कात प्रत्येक कोपरा आपलं लक्ष वेधायला धडपडत असतो, आणि इथे एक जागा अशी की जी आपल्यासाठी काहीच करत नाही.

म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा: जागा तुमच्याकडे बघते आहे, की तुम्हाला तिच्याकडे बघावं लागतं? पहिल्या प्रकारात लगेच आनंद मिळतो, दुसऱ्यात थांबावं लागतं. याचा वयाशी संबंध आहे, पण आपल्याला वाटतो तितका नाही. चार वर्षांचं मूल सिंबाच्या पुतळ्यापुढे फोटो काढून झाला की दोन मिनिटांत पुढे पळतं, आणि तेच मूल झेब्रा लघवी करताना दिसला की अर्धा तास बाल्कनीतून हलत नाही. उलटही होतं. कार्टूनवाल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात चित्रकारांच्या कच्च्या रेखाटनांचं झुंबर आहे, आणि भिंतींवर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघांपासून पूर्ण रंगीत चित्रापर्यंतचा प्रवास. मुलं तिथून पुलाकडे धावत सुटतात. चित्रकलेची आवड असलेला आजोबा मात्र तिथे थबकतो, कारण ज्या हातांनी ते पात्र जन्माला घातलं, त्यांची धडपड तिथे दिसते. माझ्या मते त्या हॉटेलातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे.

लॉजने हा तोल कसा साधलाय ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मुलाला ‘शांत बस, जिराफ येईल’ एवढंच सांगून भागत नाही, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून उझिमा स्प्रिंग्ज पूल आहे, त्याला घसरगुंडी आहे. काही खोल्यांत एकावर एक असे बंक बेड आहेत, आणि वरच्या पलंगासाठीचं भांडण हाही मुलांच्या सहलीचा भागच. प्राणी ओळखायचं माहितीपत्रक मिळतं, मग कुडू कुठला आणि इम्पाला कुठला यावर पैज लागते. रात्री शेकोटीशी गोष्टी, अंधारात पाहायच्या दुर्बिणीतून कुरण दाखवणं, असे कार्यक्रम होत आले आहेत. सिंबाचा एकही पुतळा न ठेवता मुलांना गुंतवून ठेवलंय. वातावरण न मोडता मजा द्यायची असेल तर मजा त्या जागेतूनच उगवायला हवी, आणि लॉजमध्ये ती तशी उगवते.

वातावरणात बुडवण्याचा अतिरेक झाला की काय होतं, याचंही उदाहरण त्याच डिस्ने वर्ल्डमध्ये आहे. ‘स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे हॉटेल १ मार्च २०२२ला सुरू झालं. शंभर खोल्या, दोन रात्रींचा ठरलेला मुक्काम, खिडकीत खऱ्या आकाशाऐवजी पडद्यावरचं अंतराळ, आणि पाहुण्यांनी स्वतः कथेतलं पात्र व्हायचं. दोघांसाठी सुमारे ४,८०० डॉलरपासून पुढे. ज्यांना त्या विश्वाचं वेड होतं त्यांनी ते जीव लावून अनुभवलं, यात शंका नाही. पण पूल नाही, निवांत पडून राहायला जागा नाही, आणि कथा तर सतत पुढे सरकत राहणार. थकलेल्या मुलाला किंवा त्या विश्वात रस नसलेल्या आजीला तिथे काहीच नव्हतं. सप्टेंबर २०२३मध्ये ते बंद झालं. बंद होण्यामागे पैशाची गणितं होतीच, पण मला त्यातली मूळ अडचण वेगळी दिसते. कुटुंबातल्या प्रत्येकाला अधूनमधून कथेतून बाहेर पडायची मुभा हवी असते. लॉजमध्ये बाल्कनीचं दार लावून घेतलं की झालं.

आता पुण्याहून आई-बाबा आलेत, घरात दोन लहान मुलं, आणि ऑरलँडोचं तिकीट काढायचंय, असं धरून चालू. नुसत्या सोयीचा विचार केला तर आर्ट ऑफ ॲनिमेशनचा स्वीट भारी पडतो. सहा माणसं एका छताखाली, दोन बाथरूम, सकाळी चहा करायला छोटं किचन. २०१९पासून डिस्ने स्कायलायनर ही हवेतली केबल कार तिथून सुटते, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना तीच नेते. लॉजची साधी खोली साधारण चार जणांची असते, आणि तिथून सगळीकडे बसनेच जावं लागतं. ॲनिमल किंगडम पार्क तेवढं जवळ, बाकी पार्कं लांब. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी लॉजचे लांबच लांब, मंद उजेडाचे कॉरिडॉर त्रासाचे आहेत. तो मंद उजेड वातावरणासाठी मुद्दाम ठेवलाय, मला तो आवडतोही, पण रात्री पिशवीत औषधाची गोळी शोधताना तो आवडेलच असं नाही.

आरक्षण करताना दोन्हीकडे एकेक सापळा आहे. लॉजमध्ये सगळ्या खोल्यांतून प्राणी दिसत नाहीत. ‘स्टँडर्ड व्ह्यू’ किंवा ‘पूल व्ह्यू’ घेतलात तर समोर पार्किंग, छपरं नाहीतर पूल येऊ शकतो. बाल्कनीतून कुरण हवं असेल तर ‘सव्हाना व्ह्यू’ असं स्पष्ट लिहिलेली खोलीच घ्यावी लागते, आणि तिचे पैसे जास्त लागतात. तेवढे परवडत नसतील तर तिथे मुक्काम करू नका असंच मी म्हणेन, कारण ज्यासाठी जाताय तेच मिळणार नाही. आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये स्वस्त पडतात त्या लिटल मर्मेडच्या साध्या खोल्या. त्या स्वागतकक्षापासून सगळ्यात लांब आहेत, आणि त्यांची दारं आतल्या कॉरिडॉरऐवजी बाहेर उघडतात. शिवाय लायन किंगच्या विभागाला स्वतःचा पूल नाही. पूल आहेत ते निमो, कार्स आणि लिटल मर्मेडकडे. मुलांना दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं असेल तर सिंबाचा हट्ट सोडून निमोचा स्वीट पाहा.

मुलं आठ वर्षांच्या आतली, आणि पूर्ण दिवस पार्कात घालवून फक्त झोपायला परतायचं असेल, तर माझं मत आर्ट ऑफ ॲनिमेशनला. रात्री दहाला दमून आलेल्या मुलाला बाल्कनीत बसून वाट पाहायची नसते. सहलीतला एखादा पूर्ण दिवस पार्काशिवाय ठेवणार असाल तर लॉज, आणि सव्हाना व्ह्यूच. त्या रिकाम्या दिवसावाचून लॉजचे पैसे वाया जातात, कारण ती जागा वेळ मागते.

आणि एक तिसरी वाट आहे, ती फार थोडे लोक धरतात. राहा आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये, आणि एका दुपारी लॉजवर जेवायला जा. तिथल्या किडानी व्हिलेज या भागात ‘साना’ नावाचं उपाहारगृह आहे, आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड दिलेलं. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे नान आणि त्याबरोबर नाना तऱ्हेच्या चटण्या, लोणची, रायता. पाच दिवस पिझ्झा-बर्गर पाहून कंटाळलेले आई-बाबा खुर्चीत जरा सैलावून बसतात. काचेपलीकडे कुरण असतं, आणि पहिला नान संपायच्या आत कुणीतरी ‘तो बघ’ म्हणत खिडकीकडे जातं. जेवण झाल्यावर मुख्य इमारतीच्या मागे बाहेर पडलात की खडकांच्या आडून कुरण पाहायची जागा आहे, मुक्कामाला नसलेल्यांनीही तिथे उभं राहिलेलं चालतं. साना फार भरलेलं असतं, त्यामुळे टेबल आधीच राखून ठेवा, आणि शक्यतो अंधार पडायच्या आतलं.