पहारा उठला की जागा होणारा विषाणू

नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी नॅटालिझुमॅब या नव्या औषधाला परवानगी मिळाली आणि 28 फेब्रुवारी 2005 रोजी ते बाजारातून मागेही घेतले गेले. चाचणीत ते घेतलेल्या दोघांच्या मेंदूत एक अतिशय दुर्मीळ संसर्ग सापडला होता. मग जुनी कागदपत्रे उघडली गेली आणि तिसरा रुग्ण मिळाला. त्याला आतड्याचा क्रोन्स आजार होता. त्याचा मृत्यू 2003 मध्येच झाला होता आणि निदान लिहिले होते मेंदूतील गाठीचे, म्हणजे ॲस्ट्रोसायटोमाचे. जपून ठेवलेले ऊतींचे काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली गेले तेव्हा कळले की ती गाठ नव्हतीच. त्याच्या रक्ताचे गोठवलेले जुने नमुनेही तपासले गेले. लक्षणे दिसण्याच्या दोन महिने आधीच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए हजर होता.

या आजाराचे नाव प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात पीएमएल. मेंदूच्या पांढऱ्या भागात एकाच वेळी अनेक ठिकाणी नासधूस होते आणि ती पसरत जाते. 1958 मध्ये त्याचे पहिले नीट वर्णन झाले ते तीन रुग्णांवरून. दोघांना रक्ताचा दीर्घकालीन कर्करोग होता, एकाला हॉजकिन्स आजार, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. 1965 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अशा मेंदूतील पेशींच्या केंद्रकांत विषाणूसारखे कण दाटीने भरलेले दाखवले. 1971 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तो विषाणू प्रत्यक्ष वाढवता आला. ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो मिळाला त्याची आद्याक्षरे त्याला चिकटली आणि तो जेसी विषाणू झाला.

विषाणू अगदी छोटा आहे. व्यास 40 ते 45 नॅनोमीटर, आत 5,130 अक्षरजोड्यांचा गोल डीएनए. आणि तो दुर्मीळ मुळीच नाही. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. संसर्ग बहुधा लहानपणी होतो, कळतही नाही, आणि विषाणू मूत्रपिंडात मुक्काम ठोकतो. धडधाकट प्रौढांपैकी पाचातील एकाच्या किंवा त्याहून अधिकांच्या लघवीतून तो बाहेर पडत असतो. त्यामुळे लघवीची तपासणी पीएमएलच्या निदानासाठी निरुपयोगी ठरते. तिथे विषाणू सापडला म्हणून घाबरू नये आणि सापडला नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.

मग मेंदूचा आजार इतक्या थोड्यांनाच का होतो? उत्तराचा मोठा भाग रोगप्रतिकारशक्तीत आहे, विशेषतः टी पेशींत, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत. एचआयव्हीवर परिणामकारक औषधे येण्यापूर्वी एड्सच्या रुग्णांपैकी 5 टक्क्यांपर्यंत लोकांना पीएमएल होत असे, तोही बहुधा सीडी4 या प्रकारच्या टी पेशींची संख्या रक्ताच्या घनमिलिमीटरमागे 200 च्या खाली घसरल्यावर. रक्ताचे कर्करोग, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी संपवणारे रिटुक्झिमॅब हे औषध, या सगळ्यांसोबत तो दिसला आहे. नॅटालिझुमॅबची गोष्ट यात सर्वांत बोलकी, कारण ते टी पेशी मारत नाही. पेशींवरील अल्फा-4 इंटेग्रिन हा रेणू ते झाकते. त्यामुळे पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून मेंदूत शिरता येत नाही. रक्तात सैन्य पुरेपूर, मेंदूत गस्त नाही. एवढ्यावरही पीएमएल होतो, म्हणजे निरोगी मेंदूतही ही गस्त चालू असली पाहिजे. औषधाच्या दुष्परिणामातून शरीरशास्त्राचा इतका स्वच्छ धडा क्वचितच मिळतो.

दुसरा भाग विषाणूच्या आत आहे. त्याच्या डीएनएत जनुकांना चालू-बंद करणारा एक छोटा नियंत्रक पट्टा आहे. लघवीत सापडणाऱ्या विषाणूत हा पट्टा शांत, मूळ मांडणीचा असतो. रुग्णाच्या मेंदूत सापडणाऱ्या विषाणूत मात्र त्यातले काही तुकडे गळालेले आणि काही दुप्पट झालेले दिसतात. 1971 च्या नमुन्यात मूळ पट्ट्यातील 23 आणि 66 अक्षरांचे दोन तुकडे नाहीत आणि 98 अक्षरांचा भाग पाठोपाठ दोनदा आला आहे. या फेरमांडणीमुळे विषाणूला मेंदूतील पेशींत वेगाने वाढता येते. ही उलथापालथ बी पेशींत होत असावी असा एक सबळ तर्क आहे. याखेरीज विषाणूच्या बाह्य कवचातील व्हीपी1 या प्रथिनात बदल होतात, विशेषतः 55 आणि 269 या क्रमांकांच्या जागी. नेमक्या या जागा पेशींवरील सियालिक आम्लाला धरण्यासाठी असतात. बदललेल्या विषाणूची ती पकड सुटते, पण त्याबरोबर रुग्णाच्या प्रतिपिंडांपैकी काहींनाही तो ओळखू येईनासा होतो. प्रतिपिंडे भरपूर असूनही आजार वाढतो, त्याचे हे एक कारण.

मेंदूत पोचल्यावर विषाणू ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी मारतो. मज्जातंतूंभोवती मायलिनचे वेष्टन गुंडाळणे हे त्यांचे काम. एक पेशी अनेक तंतूंचे, कधी चाळीसएक तंतूंचे वेष्टन सांभाळते. त्यामुळे एक पेशी फुटली की तितके तंतू उघडे पडतात आणि बाहेर पडलेले कण शेजारच्या पेशींत शिरतात. ठिपक्यांचे डाग होतात, डाग एकमेकांत मिसळतात. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतील आधार देणाऱ्या पेशी मात्र मरण्याऐवजी फुगतात, वेडेवाकड्या होतात, त्यांची केंद्रके राक्षसी दिसतात. सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णात गाठीचा भास झाला तो यांच्यामुळेच.

या विषाणूवर संशोधन करणे हे एक वेगळेच दुखणे आहे. स्वतःच्या डीएनएची प्रत काढायला तो पेशीचीच यंत्रणा वापरतो आणि ती मानवी असावी लागते. उंदीर-हॅमस्टरच्या पेशींत त्याची प्रत निघत नाही. हॅमस्टरच्या मेंदूत तो टोचला तर पीएमएल होत नाही, गाठी होतात, कारण विषाणूचे टी-अँटिजेन हे प्रथिन पेशीचे विभाजन बेलगाम करते आणि विषाणू मात्र वाढत नाही. म्हणजे प्राण्यावर प्रयोग केला तर उत्तर मिळते, पण वेगळ्याच आजाराचे.

यावर 2014 मध्ये एक वाट निघाली. ज्यांना स्वतःचे मायलिन नीट बनवता येत नाही अशा उंदरांच्या पिलांच्या मेंदूत मानवी ग्लिया पेशींच्या, म्हणजे मेंदूतील आधारपेशींच्या, पूर्वपेशी सोडल्या. त्या पसरल्या, वाढल्या आणि त्यांनी उंदराच्या मेंदूत मानवी ॲस्ट्रोसाइट व ऑलिगोडेंड्रोसाइट तयार केले. मग जेसी विषाणू दिला. तो प्रामुख्याने ॲस्ट्रोसाइटमध्ये वाढताना दिसला, तर ऑलिगोडेंड्रोसाइटचे नुकसान त्यामागून आले. पाठ्यपुस्तकातील क्रम इथे उलटा झाला. मात्र या उंदरांना टी पेशी नसतात, नाहीतर परक्या पेशी टिकल्याच नसत्या. त्यामुळे प्रतिकारशक्तीबद्दलचा मुख्य प्रश्न या प्रारूपातही सुटत नाही.

पेशीसंवर्धनातही सापळे आहेतच. वर्षानुवर्षे जगभर वापरली गेलेली एसव्हीजी ही पेशीमाला, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश, गर्भाच्या ग्लिया पेशींत माकडांच्या एसव्ही40 विषाणूचे जनुक घालून बनवली होती. तिच्या एका प्रचलित वाणात जेसीचा सख्खा भाऊ म्हणावा असा बीके विषाणू जिवंत वाढतो आहे, असे 2014 मध्ये जाहीर झाले. दोन्ही विषाणूंची प्रथिने इतकी सारखी आहेत की काही प्रतिपिंडे दोघांनाही रंगवतात. आपण जेसी मोजतो आहोत असे समजून कोणी बीके मोजला असेल, तर तो निष्कर्ष पुन्हा तपासायला हवा. पेशींचा साठा वितळवल्यावर आधी दोन्ही विषाणूंसाठी स्वतंत्र पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, करणे, हे आता कामाचे पहिले पाऊल मानायला हवे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर सुरुवात चोरपावलांनी होते. एका हाताची कमजोरी, नजरेचा अर्धा भाग नाहीसा होणे, बोलण्यात अडखळणे, तोल जाणे, वागण्यातला बदल. हे काही तासांत येत नाही, आठवड्यांच्या गतीने वाढते, आणि इथेच पक्षाघाताशी फरक दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसशी गल्लत अधिक होते, तीही नेमकी त्याच आजाराच्या औषधावर असलेल्या रुग्णात. डोळ्याची मुख्य नस आणि मज्जारज्जू पीएमएलमध्ये बहुधा वाचतात, ही खूण उपयोगी पडते. एमआरआयमध्ये डाग असमान, मेंदूच्या बाह्य स्तराला लागून, टी2 व फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत पांढरे आणि टी1 प्रकारात काळसर दिसतात. डाग मोठा असूनही आजूबाजूचा मेंदू ढकललेला नसतो.

यानंतर कमरेतून मेंदूपाण्याचा नमुना घेऊन पीसीआर करतात. इथे प्रयोगशाळेची मोजमर्यादा विचारलीच पाहिजे. अतिसंवेदनशील चाचणी मिलिलिटरमागे विषाणूच्या डीएनएच्या 10 प्रतीही पकडते. अनेक साध्या चाचण्या शंभराच्या खाली आंधळ्या असतात. नॅटालिझुमॅबच्या रुग्णांत, विशेषतः आजार लवकर सापडला तर, विषाणू याच खालच्या टप्प्यात असतो. त्यामुळे एक नकारार्थी अहवाल आला म्हणून संशय सोडून देणे धोक्याचे. नमुना पुन्हा घ्यावा, जास्त संवेदनशील चाचणीकडे पाठवावा, आणि तरीही पेच सुटला नाही तर मेंदूचा छोटा तुकडा काढून तपासावा.

नॅटालिझुमॅब जून 2006 मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर परत आले. त्यानंतर जमलेली माहिती जोखीम मोजण्याच्या कामात फार मोलाची ठरली. 2012 मध्ये 99,571 रुग्णांपैकी 212 जणांना पीएमएल झाल्याचे प्रसिद्ध झाले, म्हणजे हजारी सुमारे 2. पण ही सरासरी फसवी आहे. रक्तात जेसीची प्रतिपिंडे, पूर्वी घेतलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि दोन वर्षांहून अधिक उपचार, हे तिन्ही असतील तर धोका हजारी 11 वर जातो. प्रतिपिंडे नसतील तर तो दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. आता प्रतिपिंडांचे प्रमाणही मोजतात. निर्देशांक 0.9 पर्यंत असेल तर धोका कमी, 1.5 च्या वर असेल तर जास्त. चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करतात, कारण आजचा नकारार्थी उद्या होकारार्थी होतो. नुकतेच शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन घेतले असेल तर दात्यांची प्रतिपिंडे मोजली जाऊन निकाल चुकतो. जास्त जोखमीच्या रुग्णांचा एमआरआय दर तीन ते सहा महिन्यांनी करतात. तो नुसता कागदोपत्री नियम नाही. लक्षणांआधी सापडलेल्या रुग्णांचे पुढे बरेच बरे चालते.

उपचारांचा इतिहास मात्र निराशेचा आहे. पेशीसंवर्धनात विषाणू रोखणारे सायटाराबिन 57 एचआयव्हीग्रस्त रुग्णांवर तपासले गेले, 1998 मध्ये निष्कर्ष आला, फायदा शून्य. हिवतापावरचे मेफ्लोक्विन ताटलीत चालले, माणसात नाही. विषाणू पेशीत शिरताना सेरोटोनिनच्या एका ग्राहकाची मदत घेतो, म्हणून मिर्टाझापिन हे नैराश्यावरचे औषध आजही दिले जाते. पुरावा तुटपुंजा आहे. आतापर्यंत खरोखर फरक पडला तो प्रतिकारशक्ती परत आणल्याने. एचआयव्हीच्या औषधांमुळे वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे दहातील एकावरून निम्म्यापर्यंत आले.

पण गस्त परत येते तेव्हा ती शांतपणे येत नाही. नॅटालिझुमॅब थांबवल्यावर टी पेशी एकदम मेंदूत घुसतात, संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात आणि सूज येते. प्रतिकारशक्ती परतताना येणाऱ्या या दाहाला आयरिस (IRIS) म्हणतात. रुग्ण उपचार सुरू झाल्यावरच खालावतो, नातेवाईक गोंधळतात. सूज जीवघेणी असेल तर स्टेरॉइड द्यावे लागते आणि स्टेरॉइड तर पुन्हा तीच गस्त मंद करते. औषध झटपट धुऊन काढण्यासाठी एक दिवसाआड पाच वेळा प्लाझ्मा बदलण्याची पद्धत बराच काळ सर्रास होती. पुढे मोठ्या संख्येने रुग्णांची तुलना केली तेव्हा तिचा जगण्यावर फायदा दिसला नाही.

ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी होण्याचे मूळ कारण काढताच येत नाही, उदाहरणार्थ रक्ताचा कर्करोग, त्यांच्यासाठी 2019 मध्ये नवी दिशा दिसली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आठ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले, किलोमागे 2 मिलिग्रॅम, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, जास्तीत जास्त तीन मात्रा. दीर्घ संसर्गात थकलेल्या टी पेशींवर पीडी-1 नावाचा लगाम चढलेला असतो, तो हे औषध सोडवते. पाच जण स्थिरावले किंवा सुधारले, तिघांत फरक पडला नाही. लगाम सोडवायला मुळात घोडा हवा. ज्याच्या रक्तात जेसीला ओळखणाऱ्या टी पेशीच नाहीत, त्याला हे औषध फारसे काही देऊ शकत नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंड असेल तर शरीर ते नाकारण्याची भीती वेगळीच.

अशांसाठी दात्याच्या टी पेशी वापरून पाहिल्या जात आहेत. दात्याच्या रक्तातील पेशींना विषाणूच्या व्हीपी1 आणि टी-अँटिजेनचे तुकडे दाखवायचे, प्रतिसाद देणाऱ्या पेशी साधारण दोन आठवडे वाढवायच्या, ऊतीजुळणी पाहून रुग्णाला द्यायच्या. 2018 मध्ये ह्यूस्टनच्या एका कर्करोग केंद्राने तीन रुग्णांना बीके विषाणूसाठी आधीच गोठवून ठेवलेल्या पेशी दिल्या. प्रयोगशाळेत डोकेदुखी ठरणारे जेसी-बीके साम्य इथे कामी आले. दोघांच्या मेंदूपाण्यातून विषाणू नाहीसा झाला. तयार साठ्याचा फायदा उघड आहे, कारण या आजारात दोन आठवडे थांबणे म्हणजे डाग आणखी पसरू देणे.

आठ रुग्ण, तीन रुग्ण, एवढ्या आकड्यांवरून किती बोलायचे हा प्रश्न उरतोच. आजार विरळ, रुग्ण वेगवेगळ्या मूळ आजारांचे, आणि काही जण उपचाराविनाही सावरतात. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना उपचार नाकारणे अवघड, म्हणून तुलना जुन्या नोंदींशी होते आणि त्यात उपचारापर्यंत पोचलेले, म्हणजे आधीच थोडे जास्त जगलेले रुग्ण येतात. यावर एक व्यवहार्य उपाय असा की मात्रा देण्यापूर्वीच प्रत्येकाच्या टी पेशी व्हीपी1 ला किती प्रतिसाद देतात ते मोजायचे, मेंदूपाण्यातील विषाणूची संख्या एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने मोजायची आणि निकाल या दोन आकड्यांसोबतच मांडायचा.